वादी निजामशहा, प्रतिवादी इमादशहा

वाशिमला मामांकडे गेलं की चप्पल काढतानाच विचारून घ्यावं लागतं, "मामा, बसू कुठं?" दिवाणावर बसलात तर पँट रंगते, कारण तिथं इमादशहाची ताजी कुमक वाळत घातलेली असते. खिडकीजवळच्या खुर्चीत होळीपासून गाविलगड आहे. उरला पाट. पाहुणा पाटावर बसतो, भिंतीला टेकतो आणि बरोबर डोळ्यांच्या रेषेत त्याला सोळावं शतक दिसू लागतं.

सोळावं शतक म्हणजे गावच्या वाड्याचं जुनं सागवानी दार. वाडा पाडला तेव्हा भावांनी वासे, तुळया, फरशा वाटून घेतल्या. मामांनी फक्त हे दार मागितलं, त्यामुळे वाटणी भांडणाशिवाय झाली आणि मामा वेडे आहेत हेही त्याच दिवशी सर्वानुमते ठरलं. दोन लोखंडी पेट्यांवर दार आडवं टाकलं की वऱ्हाड आणि मराठवाडा तयार. वर बारदाना अंथरला, ती काळी जमीन. पऱ्हाटीचे तुकडे रोवले, ती झाडी. महालक्ष्म्यांच्या सजावटीतलं थर्माकोल कापलं, तो बालाघाट. मामीच्या एका निळ्या चादरीच्या पट्ट्या झाल्या, त्या नद्या. दाराची लोखंडी कडी अजून जागेवर आहे आणि ती नेमकी पाथरीच्या किल्ल्यावर येते. मामांच्या मते हा योगायोग नाही.

मामा भूकरमापक होते. नोकरी लागली तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही मामा कुठल्यातरी बांधावरच उभे होते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, जिथं जिथं बदली झाली तिथं तिथं यांचा जन्म दोन भावांच्या मधोमध गेला. एक म्हणतो हद्दीचा दगड इथं होता, दुसरा म्हणतो तिथं होता, आणि दोघांच्या बायका मोजणीच्या साखळीकडे सापाकडे बघावं तशा बघतात. मामांचं ठरलेलं वाक्य होतं, "साखळीले नातेवाईक नसतात." मोजणी संपल्यावर दोन्ही भाऊ मामांवर सारखेच चिडलेले असले, की मोजणी बरोबर झाली असं मामा समजत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? चार महिने त्यांनी घर मोजलं. न्हाणीघराची भिंत दीड इंच शेजाऱ्याकडे गेल्याचं आढळलं आणि मामांनी आपणहून जाऊन ते शेजाऱ्याला कळवलं. तेव्हा मामीनं पुण्याला मुलाला फोन केला, "यांना काहीतरी पाठव बाबा."

मामेभावानं हिंजवडीहून एक इंग्रजी पुस्तक आणि सैनिकांचं एक पाकीट आणलं. दीड सेंटिमीटर उंचीचे सैनिक, टेबलावर मांडून लढायचे. हे लहान मुलांचं खूळ नाही हे पटवण्यासाठी त्यानं इतिहासही सांगितला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटानं नकाशा आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ बसवला आणि अधिकारी तो अभ्यास म्हणून खेळू लागले. 'टाइम मशीन' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच काढलं. ते घरातल्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून खेळण्यातल्या तोफांनी उडवत. मामेभावानं आणलेले नियम १९९० साली निघालेल्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या खेळाचे होते, ज्यात दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या असतात.

"बाराच?" मामा म्हणाले. "म्हनजे बारा बलुतेदार."

बस्स. तिथून पुढं कोणाला काही पटवावं लागलं नाही.

एकच अडचण होती. खेळायला दुसरा माणूस हवा. वाशिममध्ये पाटणी चौकापासून बालाजी मंदिरापर्यंत मामांना ओळखणारी माणसं पुष्कळ. पण संध्याकाळचे चार तास वऱ्हाडच्या सुलतानाची बाजू घेऊन बसेल असा एकही नाही. शेजारचे निवृत्त बँकवाले काका दोनदा आले. पहिल्यांदा त्यांनी फासा हातात घोळवून मंत्र म्हटला. दुसऱ्यांदा हरले आणि चहा न घेता गेले. तेव्हापासून मामा दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात. "दुसरा खेळाडू कुठाय?" असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मामा प्रत्येकाला तेच सांगतात, "दुसरा खेळनारा म्हनजे लय ताप. येळेवर येत नाई, नियम मोडते, अन् हरला का चहा टाकून जाते."

आता लढाई कोणती, ते सांगितलं पाहिजे. शेजारच्या मुलांनी सुचवलं होतं, शिवकाळ घ्या, १६७० साली महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं, ते तर आपल्याच जिल्ह्यातलं. मामा म्हणाले, "अन् प्रतिवादीकडून मी फासा टाकला, त्यात सहा पडले, तं तुमी मले या गल्लीत ठेवसान काय?" मुलं गप्प झाली.

मामांनी निवडला तो पाथरीचा वाद. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. तेव्हा ते अचलपूरच्या इमादशाहीत होतं. अहमदनगरचं निजामशाही घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं इतिहासकार फिरिश्त्यानं लिहून ठेवलंय. सातव्या वर्षी गादीवर बसलेला बुऱ्हाण निजामशहा थोडा मोठा झाल्यावर त्याला पूर्वजांचं गाव आठवलं. त्यानं अल्लाउद्दीन इमादशहाला निरोप धाडला, पाथरी आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहा नाही म्हणाला. १५१८ साली निजामशहानं पाथरी घेतली. पुढं ती इमादशहाकडे परत गेली, १५२७ मध्ये निजामशहानं पुन्हा घेतली, आणि १५७४ मध्ये तर निजामशाहीनं सगळं वऱ्हाडच गिळलं. इतिहासकार याला सत्तासंघर्ष म्हणतील. मामांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बांधाचा वाद हाये रे हा. दोन सुलतान, दोन राजधान्या, हत्ती-तोफा, अन् आतमधी काय, तं वडिलोपार्जित वावर!"

यात मामी कुठं येते? मामीचं माहेर पाथरीजवळचं.

हे मामांनी लढाई निवडताना लक्षात घेतलं नव्हतं, की घेतलं होतं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मामीनं मात्र पहिल्या दिवशीच पक्ष घेतला. "पूर्वजांचं गाव मागितलं तर काय बिघडलं? फुकट का मागायला होता? बदल्यात दुसरं देऊ म्हणायला होता की!" मामा म्हणाले, "वतन येगळं, मालकी येगळी. दोन येगळे रकाने हायेत." मामी म्हणाली, "तुमचे रकाने तुमच्यापाशी. गाव आमचं आहे." तेव्हापासून रजिस्टरमध्ये मामीची नोंद 'वादीची नातेवाईक' अशी आहे आणि फासे टाकताना तिनं दारापासून चार फूट लांब थांबायचं असा नियम आहे. ती थांबते. पण स्वयंपाकघरातून ओरडून सल्ले देऊ नयेत असा नियम करायचा मामांना अजून धीर झालेला नाही.

एकट्यानं खेळण्यातली खरी गोची अशी की शत्रूच्या डोक्यात काय आहे हे तुम्हाला माहीत असतं, कारण ते डोकं तुमचंच. यावर मामांनी उपाय काढला. प्रत्येक सुलतानाचे तीन बेत चिठ्ठ्यांवर लिहायचे, ते दोन तांब्यांत टाकायचे आणि सकाळी अंघोळ करून डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढायची. बेत आदल्या रात्री लिहायचे. "सकाळपर्यंत मी इसरतो," मामा अभिमानानं सांगतात, "या वयाचा येवढाच फायदा हाये." इमादशहाचा फासा उजव्या हातानं, निजामशहाचा डाव्या हातानं. उजव्या हाताला वर्षानुवर्षं साखळी ओढायची सवय, म्हणून तो वऱ्हाडकडून पक्षपात करील अशी मामांना भीती होती. झालं उलटं. डाव्या हातालाच जास्त सहा पडायला लागले. मग एका श्रावणात मामांनी प्रत्येक फासा सहाशे वेळा टाकून रजिस्टरमध्ये रेघा ओढल्या. प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास यायला हवा. पिवळ्या फाशाचे सहा १३१ वेळा आले. पिवळा फासा त्याच दिवशी निलंबित झाला. तो आजही कुंकवाच्या रिकाम्या डबीत आहे आणि डबीवर लिहिलंय, 'चौकशी प्रलंबित'.

मला त्यांनी संभाव्यता शिकवली तीही अशीच. "दोन फासे म्हनजे छत्तीस गुंठ्याचं वावर समज. त्यातल्या सहा गुंठ्यात सात पिकते. दोन पिकते फक्त एका गुंठ्यात, बारा पिकते एका गुंठ्यात. अन् लोक जन्मभर त्या एका गुंठ्यात पेरनी करतात." माझ्या कॉलेजातल्या सरांनी हे एवढं सोपं करून सांगितलं असतं तर माझा एक विषय सुटला असता.

मोहिमेचा कारभार सगळा सरकारी. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्याशिवाय फौज निघत नाही. मृग लागला की युद्ध तहकूब. फौजेच्या चालीचे प्रकार तीन: साधी, तातडीची आणि अतितातडीची. मोजणीच्या अर्जाला मामांच्या काळी जसं अतितातडीचं शुल्क जास्त असे, तसंच इथंही. साध्या चालीत फौज दिवसाला पंधरा किलोमीटर जाते, अतितातडीला तीस, पण मग रोज एक फासा टाकून थकलेले घोडे वजा करायचे. अचलपूर ते पाथरी सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या चालीनं सतरा दिवस. अहमदनगर ते पाथरी एकशे ऐंशी, म्हणजे बारा दिवस. "बघा!" मामी म्हणते, "जवळ कोण आहे?" त्यात वऱ्हाडच्या फौजेला पूर्णा दोनदा ओलांडावी लागते, कारण पूर्णा दोन आहेत: अकोल्याकडची तापीला मिळते, हिंगोली-परभणीकडची गोदावरीला. मधे पैनगंगा. रिसोडजवळ काळ्या जमिनीत तोफा रुततातच, कारण नोकरीच्या पहिल्या पावसात मामांची सायकल तिथं रुतली होती आणि मामांना ती जागा अजून बोटानं दाखवता येते.

फौजेला खायला कोण घालणार, याचा मूळ इंग्रजी पुस्तकात पत्ता नाही म्हणून मामा फार नाराज झाले. त्यांनी स्वतःचा नियम घातला: प्रत्येक फौजेमागं बंजाऱ्यांचा एक तांडा हवा. बैलांच्या पाठीवर धान्य लादून लष्करांना पुरवणारे बंजारे नसतील तर बादशहा तिसऱ्या दिवशी उपाशी. तांड्याचे बैल मात्र टेबलावरच्या सगळ्या सैन्यापेक्षा मोठे आहेत, कारण ते तान्ह्या पोळ्याचे, नातवाचे, चाकंवाले. निजामशहाच्या घोड्यापेक्षा त्याचा रसदीचा बैल तिप्पट उंच. मामांना यात काही वावगं वाटत नाही. "लढाईत मोठं कोन असते," ते विचारतात, "घोडा का जवारी?"

सैनिकांचं म्हणाल तर हिंजवडीचं पाकीट एका फौजेलाही पुरलं नाही. दुसऱ्या फौजेसाठी मामांनी मला दिवाळीत पुण्याहून किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणायला सांगितलं. मी दोन डझन आणले. मामांनी एकेक न्याहाळला आणि उसासा टाकला, "१५१८ साली महाराजांच्या जन्माले अजून ११२ वर्षं व्हती रे." मग पंधरा दिवस बसून त्यांनी प्रत्येकाची पगडी खरवडून तिथं कणकेचा फेटा बसवला. संचासोबत आलेली महाराजांची मूर्ती देवघरात गेली. तिला कोणाच्याही बाजूनं लढाईत उतरवायचं नाही हा नियम क्रमांक एक. संचात एक गवळण आणि एक वाघही होता. वाघ बालाघाटात सोडलाय. गवळणीचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. सध्या ती पाथरीची रहिवासी आहे आणि मामीच्या मते तिची साक्ष घ्यायला हवी.

मावळे येण्याआधी निजामशहाचं पायदळ ज्वारीच्या दाण्यांचं होतं. एका सकाळी मामा उठले तर अर्धं पायदळ गायब. मामी म्हणाली, मुंग्या. मामांनी भिंग घेऊन मुंग्यांची रांग दारापासून स्विचबोर्डापर्यंत मोजली, तीन मीटर चाळीस सेंटिमीटर, आणि रजिस्टरात नोंद केली, 'रात्री फितुरी. ६३ शिपाई शत्रूस न मिळता तिसऱ्याच पक्षास मिळाले.'

आता मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. १५१८ ची मुख्य लढाई होती आणि मामांनी मला तिला मुद्दाम बोलावलं होतं. लढाईच्या आधी रीतसर नोटिसा निघाल्या. इमादशहा: हजर. निजामशहा: हजर. लगतचे खातेदार: भाचा, हजर. वादीची नातेवाईक: स्वयंपाकघरात. मामांचा इमादशहा टेकडीवर चांगला बसला होता. दोन तासांत निजामशहाच्या तीन तुकड्या गेल्या, आणखी एक गेली की खेळ संपला. मामांचे कान लाल झाले होते. साखळीले नातेवाईक नसतात, पण मी मामांना अठ्ठावीस वर्षं ओळखतो. ते वऱ्हाडचे आहेत.

उजव्या हातानं त्यांनी फासा टाकला आणि लाइट गेली.

अंधारात फासा दारावरून उडून खाली पडल्याचा आवाज आला. मामा बॅटरी घेऊन लोखंडी पेटीमागं वाकले. गुडघे दुखतात, तरी पूर्ण आत गेले. बाहेर फक्त तळवे दिसत होते. मला फासा दिसत नव्हता. मामी दारात येऊन उभी होती, तिलाही दिसत नव्हता. तो फासा त्या क्षणी जगात फक्त एका माणसाला दिसत होता. दोन किंवा जास्त पडले असले तरी वऱ्हाड जिंकणार होतं.

बराच वेळ गेला. मग पेटीमागून आवाज आला, "एक."

मी काही बोललो नाही. बोलली ती मामी. "खाली पडलाय तो. परत टाका की."

"नियम चौदा," मामा बाहेर येत, कोळिष्टकं झटकत म्हणाले. "खाली पडला तरी वाचाचा."

"तुम्हीच लिहिलाय ना? मग खोडा."

"लिवला तवा मी कर्मचारी व्हतो. आता मी पक्षकार हावो. पक्षकाराले दुरुस्तीचा अधिकार नसते."

पुढच्या डावात डाव्या हाताला पाच पडले, इमादशहाचा हत्ती गेला, आणि कडी निजामशहाकडे गेली. मामांनी मेणबत्तीच्या उजेडात पंचनामा लिहिला, मृतांची यादी केली, इमादशहातर्फे आणि निजामशहातर्फे अशा दोन सह्या केल्या, उजव्या हातानं एक, डाव्या हातानं एक. डाव्या हाताची सही फारच वाकडी आली होती. मामीनं माहेरचा विजय साजरा वगैरे केला नाही. हिरव्या मिरच्या घालून वांग्याचं भरीत केलं, मामांना आवडतं तसं, आणि पहिली भाकरी त्यांना वाढली.

जेवताना मी समजूत काढायला म्हटलं, "मामा, इतिहासात झालं होतं तसंच झालं की."

"तसं नको म्हनू," मामा म्हणाले. "फिरिश्त्याचं टिपन तपासलं. बरोबर निंघालं. चूक आढळली नाई."

परवा टपालानं मला १५२७ च्या मोहिमेची नोटीस आली. कोऱ्या पोस्टकार्डावर, मामांच्या मोजून काढलेल्या अक्षरात: मौजे पाथरी येथील हद्दीचा वाद दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता चालेल, लगतचे खातेदार म्हणून जातीनं हजर राहावं, न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत निकाल देण्यात येईल. खाली उरलेल्या बोटभर जागेत मामीनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'येताना निळी चादर आण. नद्या विटल्यात.'

चादर घेतली आहे. डबल मिळाली नाही, सिंगलच मिळाली. पैनगंगा आणि दोन्ही पूर्णा निघतील. गोदावरीचं काही सांगता येत नाही.